पेरूचा वास आणि पेरूचे गुण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूबद्दल मला येणारे प्रश्न दोन प्रकारचे असतात. काही वासाबद्दल, काही आरोग्याबद्दल. पण विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दोन्हींची सरमिसळ झालेली असते. वास जितका दांडगा तितका गुण मोठा, वास उडाला की सत्त्वही गेलं, असं गृहीत धरलेलं असतं. म्हणून इथे आधी वास, मग आरोग्य आणि शेवटी अडचणीचे अपवाद घेतले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. पेरूला वास देणारं द्रव्य नेमकं कोणतं?

एक नाही. पेरूतून शेकडो उडणारी द्रव्यं सुटतात, पण त्यातली मोजकीच आपल्या नाकाला जाणवतात. ती शोधायची पद्धत मला फार आवडते. गरातली द्रव्यं यंत्रात एकेक करून सुटी केली जातात आणि यंत्राच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस नाक लावून बसतो. कुठल्या क्षणी कसला वास आला, ते तो सांगत जातो.

गुलाबी पेरूवर असं काम झालं तेव्हा पुढे आलेली मुख्य नावं अशी. सिस-३-हेक्झेनाल, म्हणजे नुकत्याच कापलेल्या गवताचा वास. फ्युरॅनिऑल, म्हणजे पाकवलेल्या साखरेचा. इथाइल ब्युटानोएट, म्हणजे सर्वसाधारण ‘फळाचा’ गोड वास. सिनामाइल अॅसिटेट, ज्याला दालचिनीची झाक असते. मेथिओनाल, ज्याचा एकट्याचा वास थेट उकडलेल्या बटाट्यासारखा येतो. आणि यांच्या जोडीला ३-सल्फनिलहेक्झॅनॉल व त्याचा अॅसिटेट ही गंधकयुक्त जोडी. यातलं एकही द्रव्य वेगळं काढून हुंगलं तर ‘हा पेरू’ असं कुणी म्हणणार नाही. सगळी ठरावीक प्रमाणात एकत्र आली की मगच तो पेरूचा वास होतो.

२. म्हणजे जे द्रव्य जास्त, त्याचाच वास जास्त ना?

नाही, आणि सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. वासाचा जोर दोन गोष्टींवर ठरतो: द्रव्य किती आहे आणि किती कमी प्रमाणात ते नाकाला कळतं. पेरूत बीटा-कॅरिओफायलीनसारखी टर्पीनवर्गातली (वनस्पतींच्या सुगंधी तेलांत असतात तसली) द्रव्यं चांगल्या प्रमाणात सापडतात, पण वासात त्यांचा वाटा त्या मानाने थोडा असतो.

गंधकवाल्यांचं याच्या उलट आहे. ३-सल्फनिलहेक्झाइल अॅसिटेट हे द्रव्य वाइनच्या अभ्यासकांनी पाणी-अल्कोहोलच्या द्रावणात तपासलं, तेव्हा लिटरमागे ४ नॅनोग्रॅमच्या आसपास असलं तरी नाकाला कळत होतं. हिशेब करून पाहा. एवढ्या पातळीला आणायचं तर एक ग्रॅम द्रव्याला २५ कोटी लिटर द्रावण लागेल, म्हणजे ऑलिम्पिकच्या आकाराचे सुमारे शंभर तलाव. त्यामुळे फळातल्या द्रव्यांच्या टक्केवारीचा तक्ता पाहून वासाचा अंदाज बांधू नका.

३. अख्ख्या पेरूचा वास वेगळा आणि चिरल्यावर वेगळा का येतो?

कारण हिरवट, ताज्या गवताचा जो वास आहे तो अख्ख्या फळात जवळजवळ तयार नसतो. तो सुरी फिरल्यावर तयार होतो. पेशी फुटल्या की आतली लिनोलेनिक आम्लासारखी मेदाम्लं आणि लायपॉक्सिजनेज हे विकर (म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) एकमेकांना भेटतात, हवेतला ऑक्सिजन मिसळतो, आणि काही सेकंदांत हेक्झेनाल तयार होऊ लागतं. ते फार काळ टिकतही नाही. त्याचं दुसऱ्या, जरा जड वासाच्या हेक्झेनालमध्ये रूपांतर होतं, काही अल्कोहोलमध्ये जातं, काही एस्टरमध्ये, म्हणजे फळांच्या गोड वासाच्या संयुगांत.

हे घरी करून पाहण्यासारखं आहे. नुकताच पिवळा पडू लागलेला पेरू घ्या आणि आधी सालीवरून हुंगा. मग एक फोड चिरून लगेच नाकाशी धरा. ती तशीच ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा. पहिल्यांदा गोडसर, दुसऱ्यांदा तीक्ष्ण हिरवा आणि तिसऱ्यांदा दोन्ही मिसळून मवाळ झालेला, असे तीन वेगळे वास मिळतील. मिक्सरमध्ये फिरवलेल्या पेरूला हिरवट वास जास्त येतो तो यामुळेच. एकाही पेशीची सुटका झालेली नसते.

४. पिकताना वास वाढतो, तो कसा?

पेरू तोडल्यानंतरही पिकत राहतो. इथिलीन हा वायू फळ स्वतःच सोडतं आणि त्याच्या इशाऱ्यावर बरीच कामं एकदम सुरू होतात. हिरवा रंग उतरतो, गर मऊ पडतो, तुरटपणा घटतो. वासाच्या बाजूने पाहिलं तर गवताच्या वासाची अल्डिहाइडं मागे पडतात आणि एस्टर व फ्युरॅनिऑल पुढे येतात. फळ अगदीच कोवळं तोडलं असेल तर ते मऊ होईल, पिवळंही होईल, पण वास अर्धवटच राहील.

५. फ्रिजमध्ये ठेवलेल्या पेरूचा वास का मरतो? बाहेर काढल्यावर परत येतो का?

कधी येतो, कधी येत नाही, कारण यामागे दोन वेगळी कारणं आहेत. पहिलं साधं आहे. थंडीत द्रव्यं कमी उडतात, म्हणून नाकापर्यंत कमी पोचतात. पिकलेला पेरू थंड झाला असेल तर तासभर बाहेर ठेवा, वास बराचसा परत येतो.

दुसरं कारण पेरूच्या जिवावर बेतणारं आहे. पेरू उष्ण प्रदेशातलं झाड आहे. न पिकलेलं फळ साधारण १० अंश सेल्सिअसच्या खाली बरेच दिवस राहिलं तर त्याला थंडीची इजा होते. मग ते नीट पिकत नाही, आतून तपकिरी पडतं आणि वास तयार करणारं कामच बिघडतं. असा पेरू बाहेर काढून कितीही वेळ ठेवला तरी घमघमत नाही. म्हणून आधी बाहेर पिकू द्या आणि मगच फ्रिजमध्ये ठेवा. झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर लोण्याला आणि सायीला वास लागेल. ही द्रव्यं स्निग्ध पदार्थात चटकन विरघळतात.

६. गुलाबी पेरू जास्त वासाचा आणि जास्त गुणाचा असतो का?

गुलाबी रंग लायकोपीन या रंगद्रव्याचा. लायकोपीनचा रेणू जड आहे, उडत नाही, त्यामुळे त्याला स्वतःचा वास नसतो. मात्र कॅरोटिनॉइड वर्गातल्या रंगद्रव्यांचे तुकडे पडले की सुवासिक द्रव्यं होऊ शकतात. बीटा-कॅरोटीनपासून होणारं बीटा-आयोनोन हे त्याचं नावाजलेलं उदाहरण. तरी वास दांडगा की सौम्य, हे गराच्या रंगापेक्षा जात आणि पिकण्याची पातळी जास्त ठरवतात.

गुणांचं म्हणाल तर लायकोपीनमध्ये गुलाबी पेरू खरोखर पुढे आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम पेरूत ५.२ मिलिग्रॅम लायकोपीन दिलं आहे, म्हणजे कच्च्या टोमॅटोच्या सुमारे दुप्पट. पांढऱ्या गरात ते जवळपास नसतं. व्हिटॅमिन सी मात्र दोन्हींत भरपूर असतं. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

७. मला पेरूचा वास घामासारखा येतो. माझ्या नाकात काही बिघाड आहे का?

अजिबात नाही. उलट तुमचं नाक तीक्ष्ण आहे. पेरूतल्या ३-सल्फनिलहेक्झॅनॉलचा एक सख्खा भाऊ म्हणजे ३-मेथिल-३-सल्फनिलहेक्झॅनॉल. माणसाच्या काखेतल्या घामाला जो विशिष्ट वास येतो त्यात हे द्रव्य असतं. दोघांच्या रचनेत फरक फक्त एका मेथिल गटाचा.

गंधकयुक्त द्रव्यांचा स्वभावच असा आहे. अगदी विरळ असली की फळासारखी ताजी वाटतात आणि प्रमाण वाढलं की उग्र, घामट होतात. फार पिकलेल्या पेरूंची पाटी बंद खोलीत ठेवली की काही जणांना मळमळतं, ते काही नखरे नव्हेत. अशांनी जरा कडक असतानाच पेरू खावा.

८. सर्दीत पेरू नुसता गोड लागतो, पेरूसारखा का लागत नाही?

जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच ओळखते. पेरूचं पेरूपण नाक ओळखतं, तेही मागच्या दाराने. आपण चावतो आणि गिळतो तेव्हा घशामागून हवा वर जाते आणि वास नाकाच्या छतापर्यंत पोचवते. नाक चोंदलं की ती वाट बंद होते. नाक चिमटीत धरून एक फोड चावा, काही सेकंदांनी चिमूट सोडा. पेरू एकदम ‘उमलतो’ तो क्षण लहान मुलांना जरूर दाखवा.

९. डबाबंद रसाला आणि जॅमला ताज्या पेरूचा वास का येत नाही?

उष्णतेमुळे. रस टिकवण्यासाठी तापवला की विकरं निकामी होतात, त्यामुळे प्रश्न ३ मधला हिरवट वास नव्याने तयार होत नाही, आणि आधी झालेला उडून किंवा बदलून जातो. फ्युरॅनिऑलसारखी पाकाच्या वासाची द्रव्यं टिकतात, म्हणून जॅमचा वास गोड पण सपाट लागतो. रस आटवून घट्ट करताना काही कारखान्यांत पहिल्या वाफेबरोबर जाणारा सुवास थंड करून धरतात आणि शेवटी परत मिसळतात.

१०. बाटलीतला पेरूचा इसेन्स कृत्रिम असतो, तो घातक का?

इथाइल ब्युटानोएट पेरूत तयार झालं काय आणि प्रयोगशाळेत झालं काय, रेणू तोच असतो. शरीराला त्यात फरक करता येत नाही. इसेन्सचा खरा तोटा हा की त्यात फक्त वास असतो. फळातला चोथा, व्हिटॅमिन सी, पोटॅशियम यातलं काहीच नसतं. पेरूच्या वासाचं गोड पेय प्यायल्याने पेरू खाल्ल्यासारखं होत नाही, एवढं मनात पक्कं असू द्या.

११. पेरूत व्हिटॅमिन सी खरंच संत्र्यापेक्षा जास्त असतं?

हो, आणि फरक थोडाथोडका नाही. त्याच अमेरिकी तक्त्यात १०० ग्रॅम पेरूत २२८ मिलिग्रॅम आहे, संत्र्यात सुमारे ५३. प्रौढ माणसाची रोजची गरज वेगवेगळ्या देशांच्या शिफारशींत साधारण ४० ते ११० मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे १०० ग्रॅम पेरूत दिवसाची गरज भागून वर उरतं. आकडा जात, जमीन आणि पिकण्याच्या पातळीनुसार बराच बदलतो, पण पेरू संत्र्याच्या मागे क्वचितच पडतो.

यातून मिळणारा एक फायदा फार कमी जण सांगतात. वनस्पतीजन्य अन्नातलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. त्याच जेवणाबरोबर व्हिटॅमिन सी पोटात गेलं तर ते जास्त शोषलं जातं. लोहाची कमतरता असलेल्यांनी पेरू जेवणाला लागूनच खावा.

१२. साल काढून खावा की सालीसकट?

स्वच्छ धुऊन सालीसकट. व्हिटॅमिन सीचं प्रमाण सालीत आणि सालीलगतच्या गरात जास्त असतं, मधल्या बियांच्या भागात कमी. वास देणारी बरीच द्रव्यंही सालीत असतात. चिरून तासन्‌तास उघडा ठेवू नका, हवेने सीचं प्रमाण घटत जातं.

१३. वासाच्या द्रव्यांमुळेच पेरू औषधी असतो का? मग वास नसलेला पेरू निरुपयोगी?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वासाच्या द्रव्यांचं प्रमाण फार थोडं असतं. व्हिटॅमिन सीसारखे घटक १०० ग्रॅममध्ये शेकडो मिलिग्रॅम असतात, तर नाकाला सगळ्यात जोरात कळणारी गंधकाची द्रव्यं त्याच्या कितीतरी पटींनी कमी. एवढ्याशा द्रव्याने शरीरात औषधासारखं काम होईल अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. बीटा-कॅरिओफायलीनचं उदाहरण नेहमी दिलं जातं. ते मिरीत आणि लवंगेतही असतं. लवंग ही पेरूच्याच कुळातली, हे ओघाने आलं म्हणून सांगतो. हे द्रव्य शरीरातल्या सीबी-२ नावाच्या ग्राहीला (पेशीवरच्या, संदेश घेणाऱ्या रेणूला) चिकटतं आणि उंदरांमध्ये दाह कमी करतं, असं २००८ साली दाखवलं गेलं. काम चांगलं आहे. पण ‘उंदरांना शुद्ध द्रव्य दिलं’ आणि ‘माणसाने एक पेरू खाल्ला’ यांत फार मोठं अंतर आहे. पेरूचा फायदा येतो तो न उडणाऱ्या घटकांतून: चोथा, व्हिटॅमिन सी, पोटॅशियम, फोलेट आणि गुलाबी पेरूत लायकोपीन. कमी वासाच्या पेरूतही हे सगळं असतं.

तरीही वास आणि पोषण अगदीच परके नाहीत. २००६ साली स्टीफन गॉफ आणि हॅरी क्ली या शास्त्रज्ञांनी मुख्यतः टोमॅटोच्या आधारे एक विचार मांडला. फळांतली वासाची द्रव्यं बहुधा आपल्याला लागणाऱ्या पोषक घटकांपासूनच बनतात, म्हणून वास ही आत काय आहे याची खूण असू शकते. पेरूला हे लावून पाहा. हेक्झेनाल होतं लिनोलेनिक आम्लापासून, जे आपलं शरीर बनवू शकत नाही. सिनामाइल अॅसिटेटचं मूळ फेनिलअॅलनिनमध्ये आणि मेथिओनालचं मेथिओनिनमध्ये, आणि ही दोन्ही आपल्याला अन्नातूनच घ्यावी लागणारी अमिनो आम्लं आहेत. म्हणजे वास स्वतः औषध नाही. पण आतला माल तयार झाला आहे, हे तो बाहेर कळवतो. मला ही गोष्ट कुठल्याही औषधी दाव्यापेक्षा मोठी वाटते.

१४. पेरू खाल्ल्याने सर्दी होते, की बरी होते?

दोन्ही नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, फळामुळे नाही. कच्च्या पेरूतली टॅनिन ही तुरट द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतात, त्यामुळे तोंड-घसा कोरडा, खरखरीत वाटतो. गरातल्या रवाळ, कडक पेशींची त्यात भर पडते. या खरखरीला लोक सर्दीची सुरुवात समजतात.

आणि बरं करण्याबद्दल. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यानुसार नियमित व्हिटॅमिन सीच्या गोळ्या घेतल्याने सामान्य माणसांची सर्दी टळत नाही. मुक्काम मात्र थोडा कमी होतो, मोठ्यांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के. सर्दी झाल्यावर सुरू केल्यास ठोस फायदा दिसत नाही.

१५. पेरूने पोट साफ होतं की बांधलं जातं? दोन्ही ऐकलं आहे.

दोन्ही खरं असू शकतं, कारण पेरू कच्चा की पिका यावर ते ठरतं. पिकलेल्या पेरूत १०० ग्रॅममागे ५.४ ग्रॅम चोथा असतो, फळांच्या मानाने बराच. बरोबर पुरेसं पाणी प्यायलं तर पोट साफ व्हायला मदत होते. पाणी कमी आणि पेरू जास्त झाला तर उलट गच्च वाटतं. कच्चा पेरू टॅनिनमुळे तुरट असतो आणि काहींचं पोट त्याने दुखतं.

१६. मधुमेह असताना पेरू चालतो का?

बहुतेकांना चालतो, पण मोजून. १०० ग्रॅममध्ये साखर सुमारे ९ ग्रॅम आणि एकूण कर्बोदकं १४ ग्रॅम. चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. रस काढून गाळला की तो चोथा जातो आणि एका पेल्यात दोन-तीन फळांची साखर येते. म्हणून अख्खं फळ खा, फार पिकून मऊ पडलेलं टाळा आणि खाऊन दोन तासांनी स्वतःची साखर तपासा. तुमच्या शरीराचं उत्तर तुमचं यंत्रच देईल.

१७. बिया पोटात गेल्या तर अपेंडिक्स किंवा मुतखडा होतो का?

मुतखड्याचा संबंधच नाही. आतड्यातून मूत्रपिंडात बी जायला वाटच नसते. खडा लघवीतल्या क्षारांचा बनतो. हो, व्हिटॅमिन सीच्या जास्त डोसच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यातल्या काही सीचं शरीरात ऑक्झलेट होतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश पुरुषांच्या अभ्यासात अशा गोळ्या घेणाऱ्यांत मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. ते गोळ्यांबद्दल आहे, फळाबद्दल नाही.

अपेंडिक्समध्ये बी सापडल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात, पण फारच विरळ. बहुतेक बिया न पचता तशाच बाहेर पडतात. जपायचं ते दातांना. भरलेल्या दाताखाली कडक बी आली तर भरलेलं निघून येऊ शकतं.

१८. पेरूच्या पानांचा काढाही तेवढाच गुणकारी का?

पान आणि फळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पानांत क्वेर्सेटिन या वनस्पतीजन्य द्रव्याची संयुगं आणि टॅनिन भरपूर, व्हिटॅमिन सीचा तिथे भरवसा नाही. जपानमध्ये पेरूच्या पानांच्या चहाला आरोग्यविषयक दाव्यासह विकायची सरकारी परवानगी मिळाली आहे, कारण त्यातली द्रव्यं पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकरांना अडवतात. म्हणूनच साखरेची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय रोज काढा घेऊ नका. साखर वाजवीपेक्षा खाली जाऊ शकते.

१९. पेरू कुणी टाळावा?

तीन जणांनी आधी विचारावं. मूत्रपिंडाचा आजार बळावलेला असून पोटॅशियम कमी करायला सांगितलं असेल त्यांनी, कारण पेरूत १०० ग्रॅममागे ४१७ मिलिग्रॅम, म्हणजे केळ्यापेक्षाही जास्त पोटॅशियम असतं. शरीरात लोह साठून राहण्याचा आजार असेल त्यांनी, कारण प्रश्न ११ मध्ये सांगितलेला फायदा त्यांच्यासाठी उलटा पडतो. आणि कोलोनोस्कोपी ठरलेल्यांनी. बिया आतड्यात राहिल्या तर डॉक्टरांना नीट दिसत नाही, म्हणून काही दिवस आधीपासून बियांची फळं बंद करायला सांगतात. पेरू खाल्ल्यावर ओठ किंवा टाळू खाजत असेल तर ती अॅलर्जी असू शकते. ‘सालीमुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका.

२०. कोविडनंतर पेरूचा वास कुजका, जळका येतो. पेरू खराब आहे की मी?

पेरू बहुधा चांगला असतो. विषाणूने वास ओळखणाऱ्या पेशींची हानी केली की त्या पुन्हा वाढताना संदेशांची जुळणी काही काळ चुकते आणि ओळखीचे वास विद्रूप होऊन येतात. या त्रासात सर्वाधिक खटकणाऱ्या द्रव्यांमध्ये गंधकयुक्त द्रव्यं असतात. कॉफीच्या बाबतीत ते अभ्यासातून दिसलं आहे. पेरूच्या वासात तीच जात असते (प्रश्न ७), म्हणून तो चटकन बिघडलेला वाटतो.

खराब आहे का, ते घरातल्या दुसऱ्या कुणाकडून हुंगून घ्या. तोवर पेरू गार करून, जरा कडक असतानाच खा, म्हणजे द्रव्यं कमी उडतील. पोषणात त्याने काही उणं होत नाही. बहुतेकांचा वास हळूहळू सुधारतो, पण त्याला काही महिने लागू शकतात. दर काही आठवड्यांनी एक फोड हुंगून पाहा आणि काय जाणवलं ते लिहून ठेवा. गवताचा हिरवट वास आधी ओळखू आला आणि गोडसर बाजू नंतर, असं मला काहींनी कळवलं आहे.